एक प्रवास, दोन तिकिटे : दूर पल्ल्याच्या विमानप्रवासातील जबाबदारीचा प्रश्न

परदेशी विमानप्रवास हा आता महानगरांतील मोजक्या कुटुंबांपुरता मर्यादित राहिलेला नाही. उच्च शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी, आखाती देशांत नोकरीसाठी जाणारे कामगार व तंत्रज्ञ, मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस वा युरोपात जाणारी वडीलधारी मंडळी असे प्रवासी आज राज्याच्या तालुक्यातालुक्यांतून निघत असतात. त्यांपैकी अनेकांचा तो पहिलाच विमानप्रवास असतो. तिकिटासाठी जमविलेली रक्कम मोठी असते; कित्येकदा ती कर्जाऊ घेतलेली असते. अशा वेळी कमी भाड्याचा शोध घेणे स्वाभाविक व योग्यच होय.

या शोधात एक गोष्ट लवकरच लक्षात येते. गावाजवळच्या विमानतळापासून परदेशातील अंतिम ठिकाणापर्यंतचे एकच तिकीट घेण्याऐवजी त्याच प्रवासाची दोन वा तीन स्वतंत्र तिकिटे घेतली, तर एकूण भाडे पुष्कळदा कमी भरते. विमाने तीच, मार्गही तोच. मग अधिक पैसे का द्यावेत, असा प्रश्न सहजच पडतो. या प्रश्नाचे उत्तर भाड्याच्या आकड्यात सापडत नाही, ते तिकिटाच्या स्वरूपात सापडते. ते समजून घेतल्यास स्वतंत्र तिकिटे केव्हा हितावह आणि केव्हा घातक ठरतात, याचा निर्णय कोणासही करता येईल.

तिकीट म्हणजे करार

विमानाचे तिकीट म्हणजे केवळ आसनाची पावती नव्हे. तो प्रवासी आणि विमान कंपनी यांच्यातील वाहतुकीचा करार असतो. अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणापर्यंत प्रवाशास व त्याच्या सामानास पोहोचविण्याची जबाबदारी कंपनी त्यात स्वीकारते. करारात जे अंतिम ठिकाण लिहिलेले असते तेथे ती जबाबदारी संपते.

नागपूरहून मुंबईमार्गे लंडनला जाणाऱ्या प्रवाशाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या एकाच तिकिटावर नागपूर ते लंडन असा प्रवास नोंदलेला असेल, तर मुंबई हा केवळ वाटेतील थांबा ठरतो. नागपूरचे विमान उशिरा आल्यामुळे मुंबईचे विमान चुकले, तर त्याच तिकिटावर पुढील उपलब्ध विमानाने प्रवाशास लंडनला पोहोचविण्याची व्यवस्था कंपनीस पाहावी लागते. याउलट नागपूर ते मुंबई हे एक आणि मुंबई ते लंडन हे दुसरे अशी दोन तिकिटे असतील, तर कायद्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवास होत. पहिल्या कंपनीने प्रवाशास मुंबईत उतरविले की तिचे काम पूर्ण झाले. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो प्रवासी मुंबईतच राहणारा आहे. तो वेळेवर आला नाही, एवढीच नोंद ती करते. दोन करारांमधील मोकळी जागा कोणाच्याच जबाबदारीत येत नाही. ती जबाबदारी प्रवाशाने, बहुधा नकळत, स्वतःच्या शिरावर घेतलेली असते. एकत्रित तिकिटाचे जे अधिक भाडे वाटते, त्यात या जबाबदारीचे मोल काही अंशी समाविष्ट असते.

एकत्रित तिकिटामागील व्यवस्था

निरनिराळ्या कंपन्यांच्या विमानांनी होणारा प्रवास एकाच तिकिटावर कसा शक्य होतो, हेही जाणून घेण्यासारखे आहे. १९४५ साली क्यूबातील हवाना येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजेच आयाटा, स्थापन झाली. एका कंपनीने दिलेले तिकीट दुसऱ्या कंपनीने मान्य करावे, सामान परस्परांकडे सोपवावे आणि भाड्याची रक्कम नंतर आपसांत वाटून घ्यावी, यासाठी विमान कंपन्यांत जे करार होतात त्यांस इंटरलाइन करार म्हणतात. पुढे कंपन्यांचे मोठे समूह निर्माण झाले. स्टार अलायन्स १९९७ साली, वनवर्ल्ड १९९९ साली आणि स्कायटीम २००० साली अस्तित्वात आला. एअर इंडिया ही स्टार अलायन्सची सदस्य जुलै २०१४ मध्ये झाली.

प्रत्येक विमानतळावर एका विमानातून उतरून दुसरे विमान गाठण्यासाठी लागणारा किमान वेळ ठरविलेला असतो. एकत्रित तिकीट देताना संगणक हा किमान वेळ तपासतो आणि त्याहून कमी अंतराने सुटणारी विमाने एकमेकांस जोडू देत नाही. स्वतंत्र तिकिटे घेणाऱ्यास अशी कोणतीही रोक नसते. पहिले विमान उतरण्यापूर्वीच सुटणाऱ्या विमानाचे तिकीटही त्यास विनाहरकत मिळू शकते.

जून २००८ पासून आयाटाच्या व्यवस्थेत कागदी तिकिटांची जागा पूर्णतः इलेक्ट्रॉनिक तिकिटांनी घेतली. त्यामुळे पूर्वी हाती असलेली तिकिटाची पुस्तिका गेली आणि आपला करार कोठपर्यंतचा आहे, हे चटकन दिसेनासे झाले. तथापि, ते ओळखण्याची सोपी खूण आहे. प्रत्येक ई-तिकिटास १३ अंकी क्रमांक असतो व त्यातील पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे निदर्शक असतात. एअर इंडियाच्या तिकिटाचा क्रमांक ०९८ या अंकांनी सुरू होतो. सर्व टप्पे एकाच तिकीट क्रमांकाखाली असतील, तर तिकीट एकत्रित समजावे. एका तिकिटात चार टप्प्यांपर्यंतची नोंद होते; टप्पे अधिक असल्यास लागोपाठचे क्रमांक जोडून दिले जातात. मात्र निरनिराळ्या टप्प्यांस परस्परांशी संबंध नसलेले क्रमांक असतील, तर एकाच वेळी व एकाच ठिकाणी पैसे भरलेले असूनही ती स्वतंत्र तिकिटेच होत. तिकिटे विकणारी काही संकेतस्थळे स्वतंत्र तिकिटे एकत्र गुंफून एकाच किमतीत विकतात. त्यासोबत ती जे आश्वासन देतात, ते त्या विक्रेत्याचे असते. विमान कंपनीवर ते बंधनकारक असेलच असे नाही.

स्वतंत्र तिकिटांतील अडचणी

पहिली अडचण विलंबाची. हिवाळ्यात उत्तर भारतात पडणारे दाट धुके, मुंबईतील पावसाळा, तांत्रिक बिघाड, धावपट्टीवरील गर्दी यांपैकी कोणत्याही कारणाने पहिले विमान दोन-तीन तास मागे पडू शकते. कधी याहून मोठा खंड पडतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील बहुतांश आकाशमार्ग कित्येक दिवस बंद होते. डिसेंबर २०२५ च्या आरंभी भारतात एका मोठ्या कंपनीची हजारो देशांतर्गत उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. अशा प्रसंगी देशांतर्गत तिकिटाचे पैसे परत मिळतात. परंतु त्या विमानाच्या भरवशावर घेतलेले परदेशी विमानाचे महागडे तिकीट वाया जाऊ शकते.

यातच एक कमी परिचित नियम दडलेला आहे. दुसरे तिकीट जाण्यायेण्याचे असेल आणि प्रवासी जाण्याच्या विमानास हजर राहिला नाही, तर बहुतेक कंपन्या येण्याचे आरक्षणही आपोआप रद्द करतात. म्हणजे एक विमान चुकल्याने दोन्ही बाजूंचा प्रवास हातचा जातो. विमान सुटण्यापूर्वी कंपनीस कळवून आरक्षण बदलून घेतल्यास हे नुकसान पुष्कळसे टळते. सुटल्यानंतर कळविल्यास उपाय फारसा उरत नाही.

दुसरी अडचण सामानाची. एकत्रित तिकिटावर सामानाची चिठ्ठी सामान्यतः अंतिम ठिकाणापर्यंतची लावली जाते. स्वतंत्र तिकिटांवर सामान मधल्या विमानतळावर परत घ्यावे लागते, बाहेर येऊन दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर पुन्हा द्यावे लागते. आंतरराष्ट्रीय विमानांच्या या खिडक्या बहुधा सुटण्याच्या वेळेआधी एक तास, काही कंपन्यांच्या त्याहूनही आधी बंद होतात. वजनाची मर्यादाही दोन तिकिटांवर वेगळी असते. अमेरिकेच्या अनेक तिकिटांवर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात, तर भारतातील देशांतर्गत उड्डाणात सर्वसाधारणपणे १५ किलो सामान विनामूल्य जाते.

तिसरी अडचण सरहद्दीची असून तीच सर्वांत गंभीर होय. एकाच तिकिटावर दुबईत विमान बदलणारा प्रवासी विमानतळाच्या आतील भागातूनच दुसऱ्या विमानात जातो. त्यासाठी त्यास व्हिसाची गरज नसते. परंतु स्वतंत्र तिकिटांमुळे सामान घेण्यासाठी बाहेर यावयाचे झाले, तर इमिग्रेशन ओलांडावे लागते, म्हणजेच त्या देशात प्रवेश करावा लागतो. भारतीय पारपत्रावर त्यासाठी योग्य व्हिसा असणे आवश्यक ठरते. तो नसल्यास प्रवासी सामानाविना अडकतो. किंबहुना भारतातील पहिल्याच विमानतळावर त्यास विमानात चढण्यास मनाई होऊ शकते. अमेरिकेत तर एकत्रित तिकीट असूनही केवळ विमान बदलण्यासाठी भारतीय प्रवाशास व्हिसा लागतो. म्हणून वाटेतील प्रत्येक देशाचा नियम तिकीट घेण्यापूर्वीच त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत माहितीवरून पाहिला पाहिजे.

चौथी अडचण ठिकाणाची. एका शहरात एकाहून अधिक विमानतळ असू शकतात. लंडनचे हीथ्रो आणि गॅटविक हे विमानतळ रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर अंतरावर आहेत. इस्तंबूलचे दोन विमानतळ दोन वेगळ्या खंडांत, एक युरोपच्या आणि दुसरा आशियाच्या बाजूस आहे. केवळ शहराचे नाव पाहून जोडलेली तिकिटे अशा ठिकाणी फसतात.

वृद्ध वा अपंग प्रवाशांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. चाकांच्या खुर्चीची मागणी एका तिकिटावर नोंदविली म्हणजे ती दुसऱ्यावर आपोआप जात नाही. पहिल्या कंपनीचा सहायक प्रवाशास बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडतो. तेथून दुसऱ्या खिडकीपर्यंत सामानासह कसे जावयाचे, हा प्रश्न इंग्रजी न जाणणाऱ्या एकट्या आजीबाईंपुढे उभा राहतो.

कायद्याचे संरक्षण कोठवर

हवाई वाहतुकीतील जबाबदारीविषयी पहिला महत्त्वाचा आंतरराष्ट्रीय करार १९२९ साली वॉर्सा येथे झाला. त्याची जागा घेणारा नवा करार १९९९ साली माँट्रिअल येथे झाला. भारत त्यात २००९ साली सहभागी झाला व त्याच वर्षी १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमात तदनुरूप सुधारणा करण्यात आली. या कराराप्रमाणे विलंबामुळे झालेल्या नुकसानीस वाहक ठराविक मर्यादेपर्यंत जबाबदार असतो. मात्र नुकसान टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजले होते, असे त्याने सिद्ध केल्यास तो त्यातून मुक्त होतो. स्वतंत्र तिकीट असलेल्या प्रवाशासही पहिल्या कंपनीविरुद्ध असा दावा करता येणे अशक्य नाही. परंतु तो दावा नंतरचा असतो, पुरावे मागणारा असतो. चुकलेल्या विमानात तो कोणास बसवू शकत नाही.

सामानाविषयी फरक अधिक स्पष्ट आहे. अनेक वाहकांनी मिळून केलेली वाहतूक एकच समजली गेली असेल, तर सामान हरवल्यास प्रवाशास पहिल्या, शेवटच्या किंवा ज्याच्या ताब्यात ते हरवले त्या वाहकाकडे दाद मागता येते. स्वतंत्र तिकिटांवर ही मुभा सामान्यतः राहत नाही. सामानाचे नुकसान झाल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि सामान उशिरा मिळाल्यास मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, तर न्यायालयीन दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उड्डाण रद्द होणे, विलंब होणे व आसन नाकारले जाणे याविषयी २०१० साली नियम केले व वेळोवेळी त्यांत सुधारणा केल्या. उड्डाण रद्द झाल्यास पर्यायी विमान वा भाड्याचा परतावा आणि विहित परिस्थितीत भरपाई यांची तरतूद त्यांत आहे. जोडलेले विमान चुकल्याबद्दलची भरपाई मात्र त्याच तिकीट क्रमांकावर आरक्षित केलेल्या विमानापुरती आहे. स्वतंत्र तिकिटाचा प्रवासी येथे संरक्षणाबाहेर पडतो.

एकत्रित तिकिटाचे सामर्थ्य युरोपातील एका निकालावरून उत्तम प्रकारे लक्षात येते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशास दीर्घ विलंबाबद्दल भरपाई मिळते. चेक प्रजासत्ताकातील ११ प्रवाशांनी प्रागहून अबू धाबीमार्गे बँकॉकला जाण्यासाठी चेक एअरलाइन्सकडे एकच आरक्षण केले होते. त्या कंपनीचे प्राग ते अबू धाबी हे विमान वेळेवर पोहोचले. पुढील विमान एतिहाद या दुसऱ्याच कंपनीचे होते व ते बँकॉकला ४८८ मिनिटे उशिरा पोहोचले. आपले विमान वेळेवर होते, असा बचाव चेक एअरलाइन्सने केला. जुलै २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो अमान्य केला. एकाच आरक्षणातील प्रवास हा एक अखंड प्रवास होय, म्हणून पहिल्या कंपनीने भरपाई द्यावी व हवी तर ती दुसऱ्या कंपनीकडून वसूल करावी, असा निर्णय झाला. हीच विमाने, हेच आकाश आणि हाच विलंब. परंतु तिकिटे दोन असती, तर प्रागच्या कंपनीस कोणी जाब विचारू शकले नसते.

महाराष्ट्रातील प्रवाशांपुढील विशेष प्रश्न

राज्यातून दूर पल्ल्यास जाणारे बहुसंख्य प्रवासी मुंबईहून विमान पकडतात. मुंबईची आंतरराष्ट्रीय विमाने सहार येथील टर्मिनल २ वरून सुटतात, तर सांताक्रूझचे टर्मिनल १ हे देशांतर्गत उड्डाणांसाठी वापरले गेले आहे. या दोहोंमधील अंतर रस्त्याने काही किलोमीटरचे असून मुंबईच्या वाहतुकीत त्यास अर्धा-पाऊण तास सहज लागतो. त्यात आता नवी भर पडली आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने सुरू झाली. म्हणजे तिकिटावर ‘मुंबई’ असे वाचून निश्चिंत झालेला प्रवासी उलवे परिसरात उतरेल आणि त्याचे पुढील विमान सहारहून असेल, अशी शक्यता निर्माण झाली आहे. गोव्यातही जानेवारी २०२३ पासून दाबोळीखेरीज मोपा येथील विमानतळ सुरू झाला असून एक दक्षिणेस तर दुसरा राज्याच्या उत्तर टोकास आहे. तिकिटावरील विमानतळाचे पूर्ण नाव व टर्मिनल क्रमांक वाचणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

वेळेच्या वाचनातही चूक होते. मुंबईहून दूर जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. १२ तारखेस ००.४० ला सुटणाऱ्या विमानासाठी ११ तारखेच्या सायंकाळीच विमानतळावर पोहोचावे लागते. १२ तारखेच्या सकाळी मुंबईत उतरणारे दुसरे तिकीट काढून ठेवणारे प्रवासी या एका आकड्यामुळे फसतात. तसेच तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते, हेही विसरू नये.

परतीच्या प्रवासात भारतातील पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन व कस्टमची तपासणी होते. सामान सर्वसाधारणपणे तेथेच ताब्यात घ्यावे लागते. त्यानंतर गावाकडचे विमान गाठावयाचे असते. हे शेवटचे विमान स्वतंत्र तिकिटावर असेल, तर ते चुकल्याची झळ मात्र तुलनेने कमी बसते. कारण प्रवासी स्वदेशी पोहोचलेला असतो आणि आगगाडी वा एस.टी.ची सोय हाताशी असते. धोका जाताना मोठा व येताना लहान, हा भेद निर्णय घेताना उपयोगी पडतो.

येथे आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. कोल्हापूर, नांदेड वा लातूरहून आगगाडीने मुंबईस येऊन विमान पकडणारा प्रवासीही वस्तुतः स्वतंत्र तिकिटांवरच प्रवास करीत असतो. रेल्वेने एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांच्या आरक्षणांचे पीएनआर परस्परांशी जोडण्याची सोय केली असून पहिल्या गाडीच्या विलंबामुळे दुसरी चुकल्यास न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. गाडी आणि विमान यांच्यात मात्र असा दुवा नाही. एस.टी.चे तर तिकीटच वेगळ्या जगातले. विमानप्रवाशाने गावाच्या वेशीपासूनच हा विचार सुरू केला पाहिजे.

हिशेब कसा करावा

समजा, नागपूरहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विद्यार्थ्यास एकत्रित तिकीट ९२,००० रुपयांस मिळते. स्वतंत्रपणे घेतल्यास नागपूर ते मुंबई ६,००० आणि मुंबई ते न्यूयॉर्क ७४,००० असे ८०,००० रुपये होतात. बचत १२,००० रुपयांची दिसते. परंतु त्याच्याजवळ २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो सामान आहे. देशांतर्गत तिकिटावर १५ किलो विनामूल्य धरल्यास ३१ किलो जादा ठरते. जादा सामानाचा दर किलोस ४०० रुपये जरी धरला, तरी १२,४०० रुपये होतात. घरातून पाऊल उचलण्यापूर्वीच सारी बचत संपून वर ४०० रुपयांचा तोटा झाला. विमान चुकण्याचा धोका तर अद्याप हिशेबात धरलेलाच नाही.

आता तोच विद्यार्थी आदल्या दिवशी आगगाडीने मुंबईस आला व एक रात्र तेथे राहिला, असे समजू. गाडीचे २,५०० व मुक्कामाचे ३,००० धरून एकूण खर्च ७९,५०० रुपये होतो. १२,५०० रुपये वाचतात आणि गाडी पाच-सहा तास उशिरा आली तरी विमान चुकत नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष भाडे रोज बदलते. पद्धत मात्र कायम राहते. भाड्यातील फरकातून जादा सामान, मुक्काम व व्हिसा यांचा खर्च वजा करावा. जी बचत उरेल तिच्या शेजारी विमान चुकल्यास ऐन वेळी घ्याव्या लागणाऱ्या नव्या तिकिटाची किंमत लिहावी. बचत १२,००० आणि नवे तिकीट ६०,००० असेल, तर पाच प्रवासांत एकदा विमान चुकले तरी सारी बचत नाहीशी होते. शिवाय ते ६०,००० रुपये त्या रात्री उभे करण्याची ऐपत कुटुंबात आहे काय, हा प्रश्न सरासरीच्या हिशेबाने सुटत नाही. विद्यापीठात हजर होण्याची वा नोकरीवर रुजू होण्याची अखेरची तारीख जवळ असेल, तर पैशांखेरीज संधीही गमवावी लागते.

स्वतंत्र तिकिटे घ्यावयाचीच असल्यास

स्वतंत्र तिकिटे सर्वथैव त्याज्य आहेत, असे नव्हे. वाटेतील शहरात एक-दोन दिवस राहावयाचे असेल, केवळ हातातील सामान असेल, किंवा दोन तिकिटांत पूर्ण रात्रीचे अंतर ठेवले असेल, तर त्यांत बचतीबरोबर स्वातंत्र्यही मिळते. एकत्रित तिकिटावर पहिला टप्पा सोडून दिल्यास पुढील टप्पे सामान्यतः रद्द होतात. स्वतंत्र तिकिटांवर तसे होत नाही. म्हणून पुढील दक्षता घेऊन त्यांचा विचार करण्यास हरकत नाही.

जाताना देशांतर्गत टप्पा आदल्या दिवशीच पूर्ण करावा. ते शक्य नसल्यास दिवसाच्या पहिल्या विमानाने यावे. म्हणजे ते रद्द झाले तरी नंतरच्या विमानाचा पर्याय उरतो. परदेशी भूमीवर दोन स्वतंत्र तिकिटे जोडणे, विशेषतः पहिल्याच प्रवासात, टाळावे. त्यापेक्षा मुंबईपासून अंतिम ठिकाणापर्यंतचा संपूर्ण आंतरराष्ट्रीय भाग एका तिकिटावर ठेवावा आणि तुटक टप्पा स्वदेशातच येऊ द्यावा. हा एक नियम पाळल्यास व्हिसा, भाषा व निवारा यांचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत.

तिकीट घेतल्यानंतरही दुर्लक्ष करू नये. कंपन्या काही आठवडे आधी वेळापत्रक बदलतात. एकत्रित तिकिटावर त्याची जुळवणी कंपनी करते. स्वतंत्र तिकिटांवर ती प्रवाशासच करावी लागते. दोन्ही तिकिटांवर प्रवाशाचे नाव पारपत्राप्रमाणे व दूरध्वनी क्रमांक स्वतःचाच नोंदलेला असावा. केवळ दलालाचा क्रमांक दिल्यास बदलाची सूचना प्रवाशापर्यंत पोहोचत नाही. प्रवासविमा घेताना जोडविमान चुकल्याची भरपाई स्वतंत्र तिकिटांस लागू आहे काय व दोन विमानांत किती तासांचे अंतर अपेक्षिले आहे, ते कलम वाचून घ्यावे.

एवढे करूनही विमान चुकलेच, तर प्रथम दुसऱ्या कंपनीस विमान सुटण्यापूर्वी कळवावे. पहिल्या कंपनीकडून विलंबाचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे, सर्व पावत्या व बोर्डिंग पास जपून ठेवावेत. न वापरलेल्या तिकिटावरील शासकीय कर व विमानतळ शुल्क परत करण्याचे बंधन महासंचालनालयाच्या नियमांनी कंपन्यांवर घातले आहे. भाडे बुडाले तरी ही रक्कम मागून घ्यावी. तक्रारीसाठी केंद्र शासनाची एअरसेवा ही सुविधा आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ उपलब्ध आहेत.

मार्गदर्शनाची गरज

तालुक्याच्या गावी परदेशी जाणाऱ्या कुटुंबास सल्ला कोण देतो, याचा विचार केल्यास शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, पंचायतीचे सदस्य आणि ओळखीचे अधिकारी यांचीच नावे पुढे येतात. पारपत्राच्या अर्जासाठी आणि शैक्षणिक कर्जासाठी ज्यांच्याकडे धाव घेतली जाते, त्यांनाच तिकिटाविषयीही विचारले जाते. त्यांनी संगणकावर भाडे शोधून द्यावे अशी अपेक्षा नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले तरी पुरे. सर्व टप्पे एकाच तिकीट क्रमांकावर आहेत काय? नसल्यास सामान कोठे घ्यावयाचे व तेथे व्हिसा आहे काय? आणि पहिले विमान किंवा गाडी सहा तास उशिरा आली तर काय करावयाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ते स्वस्त तिकीट स्वस्त नाही, असे निःसंकोच सांगावे.

महाविद्यालयांतून परदेशी शिक्षणाविषयी व्याख्याने होतात, ग्रामसभेत नोकरीच्या फसव्या जाहिरातींविषयी सावध केले जाते. त्याच वेळी तिकीट वाचण्याचा हा साधा पाठ दहा मिनिटांत देता येण्याजोगा आहे. एखाद्या जुन्या तिकिटाची प्रत फळ्यावर उतरवून त्यातील क्रमांक, विमानतळाचे नाव, टर्मिनल, वेळ व सामानाचे वजन दाखविले, तर विद्यार्थी ते सहज ग्रहण करतील आणि घरी जाऊन वडीलधाऱ्यांसही समजावून देतील.

विमानप्रवासातील काटकसर ही वर्ज्य गोष्ट नव्हे. कष्टाच्या पैशांचा विनियोग जपूनच झाला पाहिजे. मात्र दोन तिकिटे घेणाऱ्याने एवढे ओळखले पाहिजे की, त्यांच्या मधल्या जागेत विमान कंपनी नाही, शासन नाही, विक्रेताही नाही. तेथे प्रवासी स्वतःच स्वतःचा जामीन असतो. जामीन राहण्याची तयारी असेल आणि हाती पुरेसा वेळ असेल, तर बचत अवश्य करावी. तयारी नसेल, तर एकाच तिकिटासाठी दिलेले अधिक पैसे वाया गेले, असे मानण्याचे कारण नाही.